नीरेचे पाणी आणि विश्वेश्वरय्यांचा ब्लॉक

भीमा आणि नीरा या दोन नद्यांच्या बेचक्यात इंदापूर तालुका पसरलेला आहे. नीरा नरसिंहपुरास दोन्ही नद्यांचा संगम होतो आणि तेथेच तालुक्याची सीमा संपते. त्याच्या पश्चिमेस कऱ्हा आणि नीरा यांच्या आश्रयाने बारामती तालुका. नकाशा पाहणाऱ्याला वाटावे की इतक्या नद्यांच्या मुलखात पाण्याला तोटा कसला? परंतु सह्याद्रीवर धो धो कोसळणारा पाऊस या भागापर्यंत येता येता दमून जातो. ज्या कऱ्हेच्या काठी बसून कविवर्य मोरोपंतांनी आर्या रचल्या, त्या कऱ्हेच्या पात्रात वर्षातील बहुतेक महिने वाळूच दिसे. नद्या होत्या, पाणी नव्हते. पुढे पाणी आले, तेव्हा ते कोणाला किती द्यावे हा प्रश्न आला. हा दुसरा प्रश्न ज्या इंजिनिअराने हाती घेतला, त्या सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचे नाव अभियंता दिनाच्या दिवशी सर्वत्र घेतले जाते. त्यांच्या उमेदीच्या काळातील एक महत्त्वाचे काम याच दोन तालुक्यांच्या मातीत झाले, ही गोष्ट मात्र नव्या पिढीत फार थोड्यांना ठाऊक असते.

या मुलखाने सरकारी प्रयोग पुष्कळ पाहिले. मुंबई इलाख्यातील नव्या जमीनमोजणीची सुरुवात इंदापूर तालुक्यातच झाली. गोल्डस्मिड हे मुलकी अधिकारी आणि विंगेट हे लष्करी इंजिनिअर यांनी सन १८३६ च्या सुमारास येथे जमिनीची प्रत ठरवून तीस वर्षांचा सारा बांधून दिला. मुदत संपल्यावर, सन १८६७ मध्ये, सारा वाढला. तोपर्यंत अमेरिकेतील यादवी युद्धामुळे चढलेले कापसाचे भाव उतरणीला लागले होते. सारा रोखीने भरायचा, पीक पावसाच्या हवाली, आणि मधली तोंडमिळवणी सावकाराकडून, असा तो फेरा होता. त्याचा स्फोट १२ मे १८७५ रोजी सुपे येथे झाला. बाजारच्या दिवशी जमलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांची घरे-दुकाने गाठून कर्जरोखे ताब्यात घेतले आणि त्यांची होळी केली. इतिहासाच्या पुस्तकांत ‘दख्खनचे दंगे’ म्हणून ज्यांचा उल्लेख येतो ते हेच. ते सुपे आज बारामती तालुक्यात आहे. आणि या गोष्टीला दीड वर्षही लोटले नाही तोच सन १८७६ चा पाऊस गेला व मोठा दुष्काळ पडला.

नीरेचा डावा कालवा या दुष्काळाचे अपत्य होय. खडी फोडून आणि माती वाहून पोट भरणाऱ्या दुष्काळी मजुरांच्या हातून त्याचा पुष्कळसा भाग खोदला गेला. पुरंदर तालुक्यातील वीर येथे नीरेवर बंधारा घालून पाणी डाव्या तीरावरील कालव्यात वळवले आणि सन १८८५ च्या सुमारास ते वाहू लागले. शंभर मैलांच्या घरात लांबी असलेला हा कालवा पुरंदर, त्या वेळचा भीमथडी आणि इंदापूर या तालुक्यांतून जातो. उन्हाळ्यात नदीच आटली तर कालव्यात काय यायचे, म्हणून वर भोर संस्थानच्या हद्दीत वेळवंडी नदीवर भाटघर येथे दगडी धरण बांधण्यात आले. ते सन १८९२ च्या सुमारास पुरे झाले. त्याच्या जलाशयाला व्हायटिंग नावाच्या इंजिनिअराचे नाव देण्यात आले होते. आज त्याच जागी असलेल्या मोठ्या जलाशयाला येसाजी कंक यांचे नाव आहे.

येथून पुढची हकीकत अनेकांना चमत्कारिक वाटेल. दुष्काळाने पोळलेल्या लोकांच्या दारात पाणी आले आणि लोकांनी ते घेतले नाही! यात शेतकऱ्यांचे अडाणीपण काढण्याची तत्कालीन साहेबांना हौस होती. खरे कारण हिशेबाचे होते. ज्वारी-बाजरीचे पीक बऱ्या वर्षी पावसावर येते. त्याला पाणीपट्टी भरून पाणी द्यावे तर वाढलेल्या उत्पन्नात पट्टीच जेमतेम निघते. काळी जमीन ओल धरून ठेवते, तिला जादा पाणी सोसत नाही. तेव्हा पाऊस असेल तर कालवा रिकामा पाहिजे आणि पाऊस नसेल तर एकाच दिवशी सर्वांना पाणी पाहिजे, अशी अवस्था झाली. दुष्काळासाठी काढलेला कालवा दुष्काळातच अपुरा पडे आणि एरवी सरकारच्या तिजोरीवर बोजा होऊन बसे.

कालव्याला पैसा दाखवला तो उसाने. सासवडकडचे माळी बागाईतदार नीरेच्या खोऱ्यात उतरले, त्यांनी जमिनी खंडाने घेतल्या आणि पुंड्या ऊस लावला. पेंड, मासळीचे खत आणि भरपूर पाणी हे त्यांचे भांडवल. हंगामात गुऱ्हाळे पेटू लागली, चुलवणांचा धूर दिसू लागला आणि गुळाच्या ढेपांनी भरलेल्या गाड्या बाजाराला निघाल्या. स्थानिक शेतकरी हे पाहून शिकला. परंतु ऊस हा बारमाही पाण्याचा धनी. ज्याच्या शेतात ऊस उभा त्याला उन्हाळ्यातही पाणी दिलेच पाहिजे. हे उसाचे तुकडे कालव्याच्या सबंध लांबीत इकडे चार गुंठे, तिकडे एक एकर असे विखुरलेले. एका तुकड्यासाठी अख्खी चारी वाहती ठेवायची आणि वाटेत पाणी जमिनीत मुरायचे. कालव्याच्या तोंडाशी असणाऱ्याने मनसोक्त भिजवायचे आणि शेवटच्या इंदापूरकडील गावाने चारीकडे डोळे लावून बसायचे. पाटकऱ्याची मर्जी हा पाण्याचा कायदा होऊन बसला.

अशा वेळी पुण्याच्या पाटबंधारे विभागात विश्वेश्वरय्या आले.

त्यांचा जन्म १५ सप्टेंबर १८६१ रोजी म्हैसूर संस्थानातील मुद्देनहळ्ळी या खेड्यात झाला. (काही ठिकाणी जन्मवर्ष १८६० दिलेले आढळते.) घराणे मूळचे आंध्रातील मोक्षगुंडम गावचे, म्हणून ते आडनाव. वडील श्रीनिवासशास्त्री हे संस्कृतचे पंडित, घरी विद्या होती, द्रव्य नव्हते. वडील मुलाच्या कोवळ्या वयातच वारले. आई वेंकटलक्ष्मम्मा यांनी धीराने घर सांभाळले आणि बंगळूरच्या मामांच्या, रामय्यांच्या, आश्रयाने मुलाचे शिक्षण पुढे चालले. एका कुर्गी गृहस्थाच्या मुलांना शिकवून तो आपला खर्च भागवी. सन १८८१ मध्ये बी. ए. झाल्यावर म्हैसूर सरकारची शिष्यवृत्ती मिळाली आणि तरुण विश्वेश्वरय्या पुण्याच्या सायन्स कॉलेजात आले. आजचे अभियांत्रिकी महाविद्यालय ते हेच. सन १८८३ मध्ये ते इंजिनिअरिंगच्या परीक्षेत पहिले आले आणि मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात त्यांची नेमणूक झाली. म्हैसूरच्या पैशाने शिकलेला हा मुलगा पुढची जवळजवळ पंचवीस वर्षे महाराष्ट्र, गुजरात व सिंधच्या पाण्यात उभा राहिला, हा योगायोग येथील लोकांच्या पथ्यावर पडला.

सन १८८४ मध्ये त्यांची नोकरी सुरू झाली ती नाशिकला, आणि लवकरच ते खानदेशात धुळ्याकडे गेले. पांझरेच्या खोऱ्यात दातर्ती येथे ओढ्याच्या खालून नळाने पाणी पलीकडे नेण्याचे अवघड काम या तेवीस वर्षांच्या इंजिनिअराने भर पावसाळ्यात अंगावर घेतले व तडीस नेले. पुढील चरित्रकारांनी या नळाचे वर्णन भरपूर केले आहे. परंतु बारामतीच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. पांझरा आणि मोसम या नद्यांवर गावकऱ्यांनी शेकडो वर्षे चालवलेली ‘फड’ पद्धत होती. बंधाऱ्याखालची सारी जमीन तीन-चार फडांत वाटलेली असे. एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यायचे, दुसऱ्या वर्षी पिके फडांतून फिरवायची. प्रत्येकाची थोडी जमीन प्रत्येक फडात असल्यामुळे ऊसही सर्वांना आणि कोरडी पाळीही सर्वांना. पाटकरी गावाने नेमलेला आणि त्याची मजुरी धान्यात. नीरेवर पुढे जी योजना आली तिचा आराखडा पाहिला म्हणजे तिच्या कर्त्याच्या नजरेसमोर हा फड होता असे मानायला पुष्कळ जागा राहते. इंग्रजी अमदानीत कालव्याचे शास्त्र विलायतेहून आले असे समजण्याची सवय लागली आहे, म्हणून हे मुद्दाम नमूद करावयाचे.

मधल्या काळात त्यांनी सिंधमध्ये सक्करच्या पाणीपुरवठ्याचे काम केले, सुरतेस काम केले, सन १८९८ मध्ये जपान पाहिला. पुण्यास असताना न्यायमूर्ती रानडे आणि नामदार गोखले यांच्या मंडळींत त्यांचा वावर असे. सन १८९९ मध्ये ते पुण्याच्या पाटबंधाऱ्यांचे कार्यकारी अभियंता झाले. खडकवासल्याच्या धरणाच्या सांडव्यावर त्यांनी आपोआप उघडणारे दरवाजे बसवले व सन १९०३ मध्ये त्यांचे पेटंट घेतले. त्यामागील कल्पना साधी आहे. तलाव ठरावीक पातळीच्या वर चढला की जादा पाणीच वजनाचा तोल फिरवते आणि दरवाजा उघडतो. पातळी उतरली की तोल पुन्हा जागेवर येऊन दरवाजा मिटतो. माणूस झोपला तरी धरण झोपत नाही. भिंतीची उंची न वाढवता साठा सुमारे आठ फुटांनी वाढला. या पेटंटावर त्यांनी सरकारकडून मानधन घेतले नाही असे सांगतात, आणि त्यांचा एकूण स्वभाव पाहता ते अशक्य वाटत नाही.

सर कॉलिन स्कॉट-मॉन्क्रीफ यांच्या अध्यक्षतेखाली सन १९०१ ते १९०३ या काळात हिंदुस्थानच्या पाटबंधाऱ्यांची चौकशी झाली. दख्खनचे कालवे तोट्यात का, हा तिच्यापुढील एक प्रश्न होता. विश्वेश्वरय्यांची साक्ष तिच्यापुढे झाली. त्यानंतर सन १९०४ च्या सुमारास नीरेच्या डाव्या कालव्यावर त्यांची ‘ब्लॉक’ पद्धत प्रथम अमलात आली.

ब्लॉक म्हणजे काय? कालव्याखालील जमिनीतून बेतशीर पट्टे निवडायचे, निचऱ्याची चांगली, पाणी सहज पोचेल अशी जमीन पाहून. बारमाही पाणी द्यायचे ते या पट्ट्यांतच, वाटेल तिथे नाही. पट्ट्यातल्या जमिनीच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यात ऊस करायचा, उरलेल्यात हंगामी पिके, आणि उसाची जागा दरसाल फिरती ठेवायची, म्हणजे जमिनीला विसावा मिळतो. पाण्याचा करार एका हंगामाचा न करता सहा वर्षांचा करायचा. शेतकऱ्याला आज कळले की पुढील सहा वर्षे आपले पाणी निश्चित आहे, तर तो बांधबंदिस्ती करील, खत घालील, आणि पतपेढीही त्याला दारात उभे करील. सरकारला आपली पट्टी आगाऊ कळेल. पाणी थोड्या चाऱ्यांतून वाहिल्यामुळे वाटेतले मुरणे कमी होईल, आणि ते वाचलेले पाणी खालच्या गावांना जाईल. बारामतीच्या उसातून इंदापूरची ज्वारी वाचवायची, असा या योजनेचा गाभा एका वाक्यात सांगता येईल. धरण, भिंत, दरवाजा यांपैकी काहीही न बांधता केवळ नियमाने पाणी वाढवण्याचा हा प्रयत्न होता. इंजिनिअरांच्या कर्तबगारीची मोजदाद सिमेंट-दगडांत करणाऱ्यांच्या यादीत हे काम कधी येत नाही, पण त्यांच्या पुण्याच्या कारकीर्दीतील हेच काम सर्वांत अवघड मानले पाहिजे, कारण दगड भांडत नाहीत.

माणसे भांडली. ज्यांना कालव्याच्या तोंडाशी वाटेल तेवढे पाणी मिळत होते त्यांना पाळी नको होती. ज्यांची जमीन ब्लॉकच्या रेषेबाहेर पडली त्यांना रेषा नको होती. पाण्यावर सरकारी बंधने येणार म्हटल्यावर लोकांच्या मनात शंका येणे त्या काळी साहजिकही होते. लोकांना समजावून, त्यांच्या पदरात निश्चित फायदा घालून पुढे जाणे हाच मार्ग होता, आणि सहा वर्षांच्या कराराने तो बऱ्याच अंशी साधला. ‘ब्लॉक’ हा इंग्रजी शब्द खेड्यातील माणसाच्या तोंडी इतका रुळला की तो परका आहे हेही पुढे कोणाच्या लक्षात राहिले नाही. ब्लॉकची जमीन म्हटले की सोयरिकीच्या बैठकीत वजन पडू लागले.

कर्जाची सोयही झाली. सर विठ्ठलदास ठाकरसी आणि लल्लुभाई सामळदास यांनी सन १९११ मध्ये मुंबईत सहकारी बँक काढली. नीरा कालव्यावरील बागाईतदारांच्या सोसायट्या हे तिच्या सुरुवातीच्या मोठ्या कर्जदारांपैकी होत आणि बारामतीस तिची शाखाही निघाली. ज्या सुप्यात कर्जरोखे जळले होते त्याच तालुक्यात चाळीस वर्षांत शेतकरी सोसायटीच्या वहीवर सही करून भांडवल उचलू लागला. निश्चित पाण्याशिवाय हे घडते ना. तारण जमिनीचे होते, पत पाण्याची होती.

तथापि योजनेने मनात धरलेले सगळे साधले असे म्हणणे सत्याला सोडून होईल. ज्याच्याजवळ पैसा होता त्याला ब्लॉक लवकर मिळाला. ठरलेल्या तिसऱ्या हिश्श्याच्या पलीकडे ऊस सरकत गेला. पट्टी एकरावर असल्यामुळे पाणी कमी वापरणाऱ्याला काही लाभ नव्हता. जो जास्त भिजवी तो शहाणा ठरे. त्याचे फळ जमिनीने दाखवले. चांगल्या काळ्या रानांत पांढरी खपली फुटू लागली, विहिरींचे पाणी वर आले, उसाचे कोंब पिवळे पडू लागले. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे डॉ. हॅरॉल्ड मॅन आणि तामणे यांनी नीरा खोऱ्यातील या खारवट जमिनींची पाहणी करून सन १९१० मध्ये पुस्तिका प्रसिद्ध केली. पाणी आणण्याइतकेच ते बाहेर काढणेही महत्त्वाचे, हा तिचा इशारा. त्यानंतर सन १९१६ पासून क्लॉड इंग्लिस या आयरिश इंजिनिअराने दख्खनच्या कालव्यांवरील पाणथळ जमिनींच्या प्रश्नाला वाहून घेतले. निचऱ्याचे चर, मोजून पाणी देण्याची साधने, मापावर पट्टी घेण्याचे प्रयोग, असे पुष्कळ काम नीरेवर झाले. त्याच खटपटीतून पुढे खडकवासल्याची केंद्रीय जल संशोधन संस्था वाढली. मापाने पाणी घेणे मात्र बागाईतदारांच्या गळी फारसे उतरले नाही. आजही उतरलेले नाही.

विश्वेश्वरय्या तोवर या मुलखातून गेले होते. मुंबई सरकारच्या चाकरीत त्यांनी आपल्याहून वरिष्ठ अशा अनेकांना मागे टाकले होते. परंतु मुख्य अभियंत्याची खुर्ची त्या काळी साहेबांसाठी राखलेली असे. ती मिळणार नाही हे ओळखून सन १९०८ मध्ये, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, त्यांनी आपण होऊन निवृत्ती घेतली. सरकारने नियमाबाहेर जाऊन त्यांना पेन्शन दिले. म्हणजे ज्यांना देश ‘सर विश्वेश्वरय्या’ म्हणून ओळखतो, त्यांची बहुतेक कीर्ती एका पेन्शनर इंजिनिअराने मिळवलेली आहे. निवृत्तीनंतर ते त्रेपन्न वर्षांहून अधिक काळ जगले आणि त्यांपैकी फार थोडे दिवस स्वस्थ बसले.

घरगुती सुख त्यांच्या वाट्याला फारसे आले नाही. पत्नीचा सहवास दीर्घकाळ लाभला नाही, मूलबाळ मागे राहिले नाही. त्यामुळे त्यांना कोरडा, घड्याळाच्या काट्यावर चालणारा माणूस म्हणून रंगवण्याची प्रथा पडली आहे. ती पुरती खरी नव्हे. वडिलांच्या मागे आईने आणि मामांनी उभे केलेले घर ते कधी विसरले नाहीत. आईला विचारल्याशिवाय मोठा निर्णय घेत नसत. सन १९१२ मध्ये म्हैसूरची दिवाणगिरी चालून आली तेव्हाची गोष्ट प्रसिद्ध आहे. त्यांनी आप्तेष्टांना जेवावयास बोलावले आणि सर्वांसमक्ष सांगितले की आपल्याकडे कोणीही नोकरीची वा सवलतीची शिफारस घेऊन येणार नाही असे वचन मिळाले तरच हे पद घेऊ. आईनेही ते वचन दिले, असे सांगतात. नीरेच्या कालव्यावर ज्याने तोंडाशी असलेल्याचा हक्क जास्त मानला नाही, त्याने आपल्या घरातही तोच नियम लावला. आणि जवळच्या माणसांवर अशी अट घालण्याचे धाडस ज्याला आपल्या माणसांची खात्री असते तोच करतो. अलीकडे उलट प्रकार इतका पाहण्यात येतो की ही गोष्ट मुलांना सांगितली तर ती दंतकथा वाटते.

पुढची हकीकत सर्वश्रुत आहे. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसीच्या पुराने हैदराबाद शहर उद्ध्वस्त झाले तेव्हा निजाम सरकारने त्यांना बोलावले आणि शहराच्या वर जलाशय बांधून पूर अडवण्याची योजना त्यांनी करून दिली. सन १९०९ मध्ये ते म्हैसूरचे मुख्य अभियंता झाले. कावेरीवरील कृष्णराजसागर, म्हैसूर बँक, म्हैसूर विद्यापीठ, भद्रावतीचा लोखंडाचा कारखाना ही त्यांच्या नावाशी जोडलेली कामे. सन १९१८ मध्ये मतभेद होताच त्यांनी दिवाणगिरी सोडली. कृष्णराजसागराचे पाणी मंड्याच्या मैदानात खेळले तेव्हा तेथेही जमिनीचे पट्टे पाडून पाळीने पिके फिरवण्याची योजना आली. नीरेवर अंकुरलेले बी तेथे पेरले गेले असे म्हणावयास हरकत नाही. सन १९५५ मध्ये भारतरत्न किताब मिळाला. नव्वदी उलटल्यावर ते बिहारमध्ये मोकामा येथे गंगेवरील पुलाची जागा पाहावयास गेले होते.

त्यांच्या हयातीतच, १२ जुलै १९६१ रोजी, पानशेतचे धरण फुटले आणि त्या लोंढ्यात खडकवासल्याचे धरणही गेले, जेथे त्यांनी आपले दरवाजे प्रथम बसवले होते. पुण्यात हाहाकार उडाला. त्यानंतर वर्षाच्या आत, एप्रिल १९६२ मध्ये, बंगळूर येथे शतायुषी होऊन विश्वेश्वरय्या निवर्तले. त्यांच्यावर अंत्यसंस्कार मुद्देनहळ्ळीस झाले.

इकडे नीरेचा पसारा वाढतच होता. भाटघरच्या जुन्या धरणाखाली नवे, कितीतरी उंच धरण बांधून सन १९२८ मध्ये पुरे झाले. गव्हर्नर लॉइड यांचे नाव त्याला होते. त्याच्या जोरावर नीरेचा उजवा कालवा निघाला. सासवडच्या माळ्यांनी सन १९३२ मध्ये अकलूजजवळ माळीनगरचा साखर कारखाना काढला. इंदापूर तालुक्यात कळंबजवळ शेठ वालचंद हिराचंद यांनी कारखाना व वालचंदनगर वसवले. स्वातंत्र्यानंतर माळेगाव, भवानीनगर, सोमेश्वर येथे शेतकऱ्यांचे सहकारी कारखाने उभे राहिले आणि गुऱ्हाळांची जागा उंच धुराड्यांनी घेतली. पुंड्या उसाचे नावही आता जुन्या माणसांनाच आठवते.

इंदापूरच्या शेवटच्या चाऱ्यांचे गाऱ्हाणे मात्र थांबले नाही. उन्हाळी आवर्तन लागले की वरच्या अंगाला पाणी अडते आणि खालच्या गावचे शेतकरी कालव्याच्या कचेरीत जातात, हा देखावा विश्वेश्वरय्यांच्या पूर्वी होता तसाच नंतरही राहिला. भीमेच्या बाजूला सन १९८० च्या सुमारास उजनी धरण पुरे झाले आणि इंदापूरच्या उत्तर अंगाला उपशाचे पाणी मिळाले. पण त्यापायी तालुक्यातील कित्येक गावे उठली. पळसदेवचे प्राचीन देऊळ पाण्याखाली गेले. कडक उन्हाळ्यात पातळी उतरली की त्याचे शिखर आणि मंडप बाहेर दिसतात, आणि विस्थापित गावची माणसे दर्शनाला जातात. एका काठाला पाणी देताना दुसऱ्या काठाला काय द्यावे लागते याचा हिशेब कोणत्याही पाणीपट्टीत मांडलेला नसतो. सन १९८७ मध्ये सरकारने आठमाही पाण्याचे धोरण ठरवले. थोड्यांना बारमाही पाणी देण्याऐवजी पुष्कळांना आठ महिने द्यावे, हा त्यामागील विचार म्हणजे नीरेवरचा तोच जुना वाद नव्या शब्दांत होता.

भाटघरच्या भिंतीवर आजही त्याच तत्त्वावर चालणारे आपोआप उघडणारे दरवाजे आहेत. श्रावणाच्या मागेपुढे धरण भरते. एखाद्या रात्री पातळी खुणेपर्यंत येते आणि कोणी हुकूम न देता ते दरवाजे उघडू लागतात. पाणी वेळवंडीतून नीरेत, वीरच्या धरणात, तेथून काही डाव्या व उजव्या कालव्यांत आणि उरलेले नदीच्या पात्राने खाली बारामती, इंदापूर करीत नरसिंहपूरच्या संगमाकडे निघते.